आभासी आरसा आणि मनातला पूर्वग्रह

"दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ" हे वाक्य आपण मुलांना कितीदा तरी सांगतो. पण खरंच तसं करता आलं तर मन बदलतं का? आभासी वास्तव म्हणजेच व्हीआर वापरून संशोधकांनी हे तपासलं आहे.

बार्सिलोनाचा प्रयोग
२०१३ मध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६० गोऱ्या स्त्रिया होत्या. डोळ्यांवर व्हीआर संच चढवला की समोर आभासी आरसा दिसे. काहींना त्यात स्वतःचं शरीर कृष्णवर्णीय दिसे, काहींना गोरं, तर काहींना चक्क जांभळं! आपण हात हलवला की आरशातलाही हात हलायचा, त्यामुळे ते शरीर आपलंच वाटू लागे. प्रयोगाआधी आणि नंतर मनातला नकळत असणारा पूर्वग्रह मोजला. शब्द आणि चेहरे यांच्या जोड्या माणूस किती पटकन लावतो, यावरून तो मोजतात. कृष्णवर्णीय शरीर मिळालेल्यांचा पूर्वग्रह कमी झाला होता.

पण थांबा!
२००९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असाच प्रयोग नोकरीच्या मुलाखतीच्या प्रसंगात केला होता. तिथे उलट झालं, कृष्णवर्णीय रूप घेतलेल्यांचा पूर्वग्रह वाढलेला दिसला. २०२० मध्ये स्लेटर यांच्याच गटाला आढळलं, की भोवतालची आभासी माणसं वाईट वागली तर पूर्वग्रह कमी होत नाही. म्हणजे नुसतं रूप बदलून भागत नाही, त्या रूपात अनुभव कसा येतो हे महत्त्वाचं.

सोबतीची जादू
२०१८ मध्ये ब्रॉन्विन टार, स्लेटर आणि एमा कोहेन यांनी दाखवलं, की आभासी साथीदारांबरोबर एका तालात हालचाली केल्या तरी त्यांच्याविषयी जवळीक वाढते. आपली लेझीम आणि सामूहिक कवायत आठवली ना?

वर्गात काय करू?
व्हीआर संच नसला तरी चालेल. अंधत्व समजावं म्हणून आपण मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो. पण २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, अशा अनुभवानंतर लोकांना अंध व्यक्ती कमी सक्षम वाटू लागल्या! पट्टी बांधल्यावर फक्त पहिली धडपड कळते, रोजच्या सरावातून आलेलं कौशल्य कळत नाही. म्हणून अंध व्यक्तीला वर्गात बोलवा, तिचं काम पाहू द्या, मुलांना प्रश्न विचारू द्या.

कीव वाटणं म्हणजे समजून घेणं नव्हे, बरं का! पुढचा उपक्रम ठरवताना एवढं जरूर तपासा: यातून मुलं कीव शिकतील की आदर?