झोपताना मनगटावर घड्याळ असावे का?



सत्संगानंतर चहा घेताना हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. कुणी म्हणतं, "रात्री घड्याळ घातलं की आयुष्य कमी होतं." कुणी म्हणतं, "मुलानं परदेशातून पाठवलंय, रात्रीसुद्धा काढू नका असं बजावलंय." दोघंही आपलीच माणसं. तेव्हा घाबरून न जाता आणि भारावूनही न जाता आपण या विषयाचा नीट अभ्यास करू या.

*१. भीती कुठून आली?*
अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आपण आजही 'रेडियम' म्हणतो. पूर्वी तिथे खरोखरच रेडियमचा रंग असे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत तो रंग लावणाऱ्या कामगार मुली ब्रशला ओठांनी टोक काढत, आणि त्यातून त्यांना असाध्य आजार झाले. आजच्या घड्याळात बहुधा स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट असते. ते किरणोत्सारी नाही, दिवसाचा उजेड साठवून रात्री परत देते, एवढंच. स्मार्ट घड्याळाच्या ब्लूटूथ लहरीही अगदी कमी शक्तीच्या असतात. तेव्हा आयुष्य कमी होण्याची भीती मनातून काढून टाकू या.

*२. साधे घड्याळ*
हे मात्र रात्री काढलेलेच बरे. पट्ट्याखाली घाम आणि साबण अडकून खाज सुटते, निकेलच्या बक्कलने काहींना पुरळ येते. शेजारी तान्हं मूल असेल तर त्याला ओरखडा बसतो. पट्टा घट्ट असेल आणि मनगट अंगाखाली आलं तर हाताला मुंग्या येतात. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताला घड्याळ दिवसाही नको, बांगडीही नको. चावीचे घड्याळ सकाळी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत आरामात चालते, रात्री ते हातात असण्याची गरज नाही.

*३. स्मार्ट घड्याळ*
मागच्या बाजूचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताचे कमी-जास्त होणे टिपतो, त्यावरून नाडी कळते. शिवाय हाताची हालचाल मोजली जाते. या दोन गोष्टींवरून 'गाढ झोप इतकी' असा अंदाज काढला जातो. बघा, अंदाज! खरी मोजणी करायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. आपण अंथरुणात निश्चल पडून तासभर नामस्मरण केलं, तर घड्याळ त्याला झोपसुद्धा समजेल.

म्हणून सकाळी उठून ताजंतवानं वाटत असताना केवळ '५८ गुण' पाहून दिवसभर खंत करणे बरोबर नाही. झोपेचे आकडे सुधारण्याच्या या ध्यासाला २०१७ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी 'ऑर्थोसोम्निया' असे नावच दिले. आकड्याच्या काळजीनेच झोप उडते. रात्री जाग आल्यावर किती वाजले ते पाहण्याची सवयही तशीच. पाहिलं की मन हिशोब करू लागतं, "आता तीनच तास उरले!"

*४. मग कुणी घालावे?*
हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी डॉक्टरांनी सांगितले असेल, तर जरूर घालावे. कुणाच्या फॉरवर्डवरून काढू नये. एकटे राहणारे, रात्री उठताना तोल जाणारे ज्येष्ठ यांच्या घड्याळात पडल्याची सूचना घरच्यांना देण्याची सोय असेल, तर त्यांनीही घालावे. पट्टा सैल ठेवावा, आंघोळीनंतर मनगट कोरडे करावे. मात्र खूप घोरणे, श्वास अडकून दचकून उठणे असे होत असेल, तर घड्याळावर न विसंबता डॉक्टरांकडे जावे.

*५. पहाटेच्या उपासनेचे काय?*
हाताला थरथर जाणवून उठता येते, घरच्यांची झोप मोडत नाही, हा घड्याळाचा चांगला उपयोग. पण ब्राह्ममुहूर्त ठरावीक वाजता नसतो. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. सूर्योदयाआधी १ तास ३६ मिनिटांनी ब्राह्ममुहूर्त सुरू होतो. सूर्योदय ६:३० ला असेल तर ४:५४ ते ५:४२. ग्वाल्हेरचा आणि बेळगावचा सूर्योदय एक नाही, थंडीतला आणि उन्हाळ्यातलाही नाही. मग चारचाच गजर लावून रात्री बारापर्यंत जागायचे, यात उपासना कुठे आली? झोपही युक्त असावी, असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो. लवकर उठायचे तर लवकर निजायला हवे.

*सारांश:* घड्याळ रात्री कोणत्या कामासाठी हातात आहे, हे स्वतःला विचारावे. काम असेल तर निःशंक घालावे. नसेल तर हाताला पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे.

*या आठवड्याचा अभ्यास:* सात दिवस सकाळी आकडा पाहण्याआधी 'आज कसं वाटतंय' हे एका ओळीत वहीत लिहावे. आकडा नंतर शेजारी मांडावा. दोन्ही किती जुळतात, यावर पुढच्या सत्संगात बोलू या. आपल्या केंद्रातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हा लेख वाचून दाखवायला विसरू नका.