घरच्या संगणकासाठी कार्यप्रणाली कशी निवडावी?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. १३ तारखेला तो जसा चालत होता तसाच १५ तारखेलाही चालला. मग थांबले ते काय? कार्यप्रणालीत दोष सापडले की कंपनी त्यांवरच्या दुरुस्त्या महाजालावरून घरोघरी पाठवीत असे. ते काम थांबले. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली होती, इतकेच.

पुढची विंडोज ११ घालावी, तर तिच्या अटी कडक आहेत. किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग यंत्रात असावा लागतो. २०१५-१६ च्या सुमारास घेतलेली बरीच यंत्रे या अटींत बसत नाहीत. नांदेड-लातूरकडे दहावी-बारावीच्या अभ्यासासाठी अशी यंत्रे अनेक घरांनी पोटाला चिमटा काढून घेतली आहेत. दुकानदार म्हणतो, नवे यंत्र घ्या. एखादा मित्र म्हणतो, चोरीची प्रत टाकून देतो. तिसरा म्हणतो, लिनक्स घाला, फुकट आहे. कोणाचे ऐकावे? हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, तपासून आणि मोजून सोडवण्याचा आहे. आपण तो तसाच सोडवू या.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्या मध्ये एक व्यवस्थापक असतो. बाजारात त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आपण कार्यप्रणाली म्हणू. तुम्ही एकीकडे पाठाची चित्रफीत पाहता, दुसरीकडे टिपण लिहिता. दोन्ही कामांना तोच प्रक्रियक, तीच स्मृती आणि तीच साठवण लागते. कार्यप्रणाली प्रक्रियकाचा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने वाटून देते, म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी चालल्यासारखी भासतात. कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, छपाईयंत्राशी बोलणे, फाइल कोठे ठेवली याची नोंद राखणे ही कामेही तिचीच.

घरचे बियाणे आणि विकतचे बियाणे

विंडोजसारखी व्यापारी कार्यप्रणाली आणि लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली यांतील मुख्य फरक परवान्याचा आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलांना तो लगेच उमजेल. संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. सोयाबीनच्या सरळ वाणाचे तसे नाही. आलेल्या पिकातले चांगले दाणे राखून ते पुढच्या हंगामात पेरता येतात, शेजाऱ्याला देता येतात. संकरित बियाणे वाईट असते असे मुळीच नाही. पण पुढच्या वर्षी काय पेरावयाचे याचा निर्णय पूर्णपणे आपल्या हाती राहत नाही.

व्यापारी कार्यप्रणाली आपण विकत घेतो म्हणजे ती वापरण्याचा परवाना घेतो. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मजकूर, कंपनीकडेच राहते. मुक्त कार्यप्रणालीच्या परवान्यात चार गोष्टींची मोकळीक असते: कोणत्याही कामासाठी वापरणे, मूळ संहिता वाचून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला चालना दिली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. या दोहोंच्या मेळातून उबुंटू, डेबियन, मिंट अशा अनेक कार्यप्रणाली तयार झाल्या. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली २००७ मध्ये बाहेर आणली.

येथे एक खूणगाठ बांधा: फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. मुक्त आज्ञावली बहुधा फुकट मिळते, पण तिचे खरे मोल प्रती करण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या हक्कात आहे. उलट, विंडोजची चोरीची प्रत फुकट असते, पण मुक्त नसते. अशी प्रत जाणूनबुजून वापरणे भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय कुलूप तोडून देणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे, हे आपल्याला कळत नाही.

लिनक्स हौशी लोकांचा खेळ आहे, अशी समजूत अजून आढळते. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये त्या यादीत ६३ वा होता. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे ज्या घरात लिनक्सचे नावही कोणी ऐकलेले नाही, त्या घरातही तो खिशात असतो. मात्र महासंगणकाला जे चालते ते आपल्या टेबलावर चालेलच असे नाही. म्हणून पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : काम

आधी घरातील कामांची यादी करा. महाजालावर वाचणे, चित्रफिती पाहणे, ई-मेल, बँकेचे संकेतस्थळ, निबंध व तक्ते तयार करणे ही कामे दोन्ही प्रकारांत चांगली होतात. कार्यालयीन कामासाठी लिबरऑफिस ही मुक्त आज्ञावली आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागणारी पायथन भाषा आणि आलेख काढण्याची साधनेही मुक्तच आहेत.

पण वडिलांचे मोंढ्यात दुकान असेल आणि हिशेब टॅलीवर चालत असतील, तर विंडोजच हवे. लातूरच्या काही शिकवण्या आपले पाठ कुलूपबंद पेनड्राइव्हवर देतात. त्यांतले बरेचसे फक्त विंडोजवर उघडतात. काही छपाईयंत्रे आणि स्वाक्षरीच्या डिजिटल चाव्या यांचेही असेच. २००१ पासून महाराष्ट्रात चालणाऱ्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे आपल्याकडे बहुतेकांची ओळख विंडोजशीच झाली, हाही सवयीचा भाग आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले मुक्त कार्यप्रणालीवरच संगणक शिकतात. तिथे सवय उलटी पडते. सवय बदलता येते, न चालणारी आज्ञावली मात्र बदलता येत नाही.

दुसरी कसोटी : यंत्र

‘लिनक्स घातले की जुना संगणक पळू लागतो’ हे वाक्य अर्धसत्य आहे. संथपणा कोठून येतो ते मोजू या. जुन्या संगणकात माहिती फिरत्या चुंबकीय तबकडीवर असते. तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १२० फेरे झाले आणि एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागले. हवी ती जागा वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरा. बेरीज झाली १३ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम ७५ वाचून होतात. समजा, सुरू होताना संगणकाला असे ३,००० तुकडे वाचावयाचे आहेत. नुसत्या वाचण्यालाच ४० सेकंद लागतील!

एसएसडी या साठवणीत फिरणारा भागच नसतो. तिला एका तुकड्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. तेच ३,००० तुकडे ०.३ सेकंदात वाचून होतात. तेव्हा जुन्या यंत्रात प्रथम तबकडी बदलावी. मग कार्यप्रणाली कोणतीही असो, फरक दिसतो. त्यानंतर स्मृतीचा प्रश्न. लिनक्स मिंटची किमान गरज २ गिगाबाइट स्मृतीची आहे, आरामात चालण्यास ४ सांगितले जाते. २ गिगाबाइटच्या यंत्रावर विंडोज ११ बसणारच नाही. मिंट बसेल, पण महाजालाची दहा पाने एकदम उघडली तर तेही धापा टाकेल.

तिसरी कसोटी : भाषा

नांदेडमध्ये मराठीखेरीज उर्दू आणि गुरुमुखी आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, तर उदगीर-निलंग्याकडे कन्नड. एकाच घरात दोन लिपी लागणे आपल्याकडे नवलाचे नाही. दोन्ही कार्यप्रणालींत ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय कळफलक असतो. त्याची गंमत अशी, की ‘के’ ची कळ दाबली की देवनागरीत क, गुरुमुखीत क, तेलुगू-कन्नडमध्येही कच उमटतो. उर्दूची मांडणी तेवढी वेगळी.

अडचण येते जुन्या मजकुराची. युनिकोडपूर्वीच्या फॉंटमध्ये टंकलेली पत्रिका किंवा प्रश्नपत्रिका तो फॉंट नसलेल्या यंत्रावर उघडली, तर अक्षरांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. नव्या कार्यप्रणालीची परीक्षा घ्यावयाची तर ‘ॲसिड’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द लिहून पाहा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. अतिशय जुन्या फॉंटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसेल. दर्या आणि दऱ्या सारखेच दिसले, तर मराठीचे काम त्या फॉंटवर करू नये.

चौथी कसोटी : देखभाल आणि सुरक्षा

वीज जाणे आपल्याला नवे नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर? येथे दोन्ही कार्यप्रणाली एकच युक्ती करतात. व्यापारी मुनीम आधी किर्दीत नोंद करतो, मग खतावणीत चढवितो. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्था तसेच आधी छोटी नोंद करतात, मग प्रत्यक्ष बदल. मध्येच वीज गेली तर परत आल्यावर किर्द पाहून फाइलींचा हिशेब जुळवतात. मात्र तुम्ही जतन न केलेला परिच्छेद कोणतीच प्रणाली परत देत नाही!

मूळ संहिता खुली असली की ती आपोआप सुरक्षित होते, असेही मानू नये. ‘हार्टब्लीड’ हा दोष एका मुक्त आज्ञावलीत २०१२ पासून होता; उघडकीस आला २०१४ मध्ये. मार्च २०२४ मधील घटना तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, की लिनक्सच्या नव्या आवृत्तीत दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. हा अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही. शोध घेत गेले, तेव्हा ‘एक्सझेड’ नावाच्या साधनात कोणीतरी मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. संहिता खुली होती म्हणून त्यांना तो उकलता आला. पण तो सापडला अचूक निरीक्षणामुळे. आणि हे गृहस्थ नोकरीस होते मायक्रोसॉफ्टमध्ये!

देखभालीला मुदत दोन्हीकडे असते. मिंट २२ ची मुदत एप्रिल २०२९ पर्यंतची आहे. फरक असा, की मुदत संपल्यावर पुढची आवृत्ती पैसे न देता घेता येते आणि जुन्या यंत्रासाठी हलकी प्रणाली कोणीतरी राखून ठेवलेली असते. दुसरी बाजूही सांगावयास हवी. विंडोजमध्ये काही अडले तर गल्लीतला दुरुस्तीवाला सापडतो. लिनक्स जाणणारा माणूस आधी शोधून ठेवावा लागतो. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठ मराठीतही आहेत. त्यांचा येथे चांगला उपयोग होतो.

मग निवड कशी करावी?

यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, परवाना अधिकृत असेल आणि घरात टॅलीसारखे काम असेल, तर विंडोजच ठेवावे. त्यात कमीपणा नाही. यंत्र अटींत बसत नसेल आणि काम मुख्यतः अभ्यास, लेखन व महाजालाचे असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी मुक्त कार्यप्रणाली अवश्य पाहावी. दोन्ही कामे असतील, तर एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवता येतात. चोरीची प्रत हा मात्र पर्यायच नव्हे. नवे यंत्र घेतलेच, तर कोणते घ्यावे हे गरजेने ठरवावे, कोणी घातलेल्या भीतीने नव्हे.

करून पाहा

घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो. ७० उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. कार्यप्रणालीचीही अशी उगवण चाचणी घेता येते. शिक्षकांच्या मदतीने ८ गिगाबाइटच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटू उतरवा. त्याआधी उतरवलेल्या फाइलची ‘शा-२५६’ ही ६४ चिन्हांची खूण संकेतस्थळावरील खुणेशी ताडून पाहा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ती खूण पार बदलते. मग संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करा. ‘स्थापना करा’ हे बटण दाबले नाही, तर जुन्या प्रणालीला धक्का लागत नाही. आवाज, वाय-फाय, छपाई, मराठी टंकलेखन आणि चित्रफीत या पाच गोष्टी तपासून वहीत नोंदवा. पेनड्राइव्हवरून प्रणाली थोडी संथ चालते, हे ध्यानात घ्या. पुढे स्थापना करावयाचे ठरलेच, तर घरातील सर्व छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. हा नियम मोडू नका.

स्वाध्याय

१. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीस सरासरी अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील?

२. ‘शा-२५६’ च्या ६४ चिन्हांपैकी प्रत्येक चिन्ह १६ प्रकारचे असू शकते. एकूण किती वेगवेगळ्या खुणा संभवतात? उत्तर २ च्या घातात लिहा.

३. तुमच्या घरी संगणकावर होणाऱ्या कामांची यादी करा. त्यांतील कोणते काम एकाच कार्यप्रणालीवर अडते? ते काम वर्षातून किती दिवस असते?

४. शाळेच्या संगणक-कक्षासाठी कार्यप्रणाली निवडावयाची आहे. चार कसोट्या लावून दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा करा आणि निर्णय कारणांसह लिहा.