जुन्या जोडणीचा संगणक : कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी

नाशिकच्या बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला संगणक वणी परिसरातील शिक्षकास अपरिचित नाही. अशा यंत्रांवरील विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. त्यामुळे विंडोज ११ घालण्याची घाई होणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्राआधी त्यातील मजकुराचा विचार झाला पाहिजे.

प्रश्नपत्रिका, टाचणे, निकालपत्रके प्रथम बाह्य डिस्कवर उतरवावीत व दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. मराठी शाळेपुढे येथे एक खास अडचण उभी राहते. जुना मजकूर पुष्कळदा ‘शिवाजी’ वा ‘कृतिदेव’ यांसारख्या टंकांत लिहिलेला असतो. त्यात संगणक वस्तुतः रोमन अक्षरेच साठवितो. देवनागरी रूप त्यांना टंक देतो. डिस्क पुसून नवी प्रणाली घातली आणि टंक हाती नसला, तर वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता होऊन समोर येतात. म्हणून टंकांच्या फाइली सोबत जपाव्यात, महत्त्वाचे कागद पीडीएफ रूपातही ठेवावेत आणि सवडीने ते युनिकोडमध्ये आणावेत. काम कंटाळवाणे खरे. पण टंक हरवल्यावर ते दुप्पट कष्टाचे होते.

आता यंत्र. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय, सिक्युअर बूट व टीपीएम २.० लागते, इंटेलचे प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचेच मान्य आहेत. जोडलेल्या यंत्रात टीपीएम असूनही बंद असू शकते. बायॉसमध्ये ते इंटेलच्या मदरबोर्डवर पीटीटी व एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने शोधावे. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असल्यास ती जीपीटी केल्यावाचून यूईएफआयकडे वळू नये, अन्यथा विंडोज सुरूच होणार नाही. घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी बदलावी. यूपीएस नसता हे काम आरंभूच नये. वीज मध्येच गेली तर प्रणाली अर्धवट राहते.

प्रोसेसर चौथ्या-पाचव्या पिढीचा निघाल्यास आडमार्गाने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. शाळेच्या नोंदी असलेल्या यंत्रावर तो प्रयोग नको. तेथे लिनक्स श्रेयस्कर : उबुंटू, किंवा सी-डॅकने भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केलेली बॉस. केवळ विंडोजसाठी केलेले कार्यक्रम मात्र तेथे सहसा चालत नाहीत. यास्तव ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहावी, आणि शाळेचा प्रिंटर ओळखला जातो की नाही, हे एक मराठी पान छापून तपासावे.