एकट्या मेंढराची शिकार : अतिरेकी प्रचार आणि आपली मुले

पवित्र कुरआनात सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत अल्लाहने माणसाला एक मोठी ताकीद दिली आहे. ज्या गोष्टीचे आपणास ज्ञान नाही तिच्यामागे लागू नये, कारण कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाबद्दल विचारणा होणार आहे, असा तिचा आशय आहे. आज आपल्या घरातील मुलामुलींचे कान आणि डोळे दिवसातील कित्येक तास मोबाईलच्या पडद्यावर खिळलेले असतात. मशिदीतील इमामसाहेब, मकतबमधील उस्ताद, घरातील दादा-दादी यांचे शब्द त्यांच्या कानी जितके पडत नाहीत, तितके कुणा अनोळखी माणसाचे पडतात. या अनोळखी आवाजांत काही असे आहेत की ते बोलतात दीनच्या भाषेत आणि नेतात विनाशाकडे. हे आवाज ओळखायचे कसे, याबद्दल आपला दीन काय शिकवतो, ते या लेखात पाहू.

आपल्या अंगणातील घटना

हा प्रश्न दूर कुठे इराक-सीरियात आहे असे समजून आपण निश्चिंत राहू शकत नाही. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने परभणीत एका तरुणाला अटक केली. पुढील काही आठवड्यांत आणखी काही जणांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये हा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, स्वतःला ‘इस्लामिक स्टेट’ म्हणवणाऱ्या संघटनेच्या एका हस्तकाशी हे तरुण इंटरनेटवरून संपर्कात होते. संघटनेच्या प्रमुखाच्या नावे बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, लिहून घेण्यात आली होती आणि स्फोटक तयार करण्याची माहितीही पडद्यावरूनच पुरवण्यात आली होती. त्यांपैकी एकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला व २०२२ मध्ये त्याला सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. दुसऱ्या एका आरोपीला, पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर, खटला लवकर संपण्याची चिन्हे नाहीत हे पाहून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये जामीन दिला.

आरोप आणि अपराध यांत फरक आहे आणि न्यायनिवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. परंतु एक गोष्ट कोणत्याही निकालाची वाट न पाहता समजून घेण्यासारखी आहे. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक खांद्याला खांदा लावून येतात, अशा या परभणीतील घरांत पोचण्यासाठी त्या हस्तकाला ना रेल्वे लागली ना पासपोर्ट.

जाळे कसे विणले जाते?

या प्रचाराची पद्धत जगभर जवळपास सारखीच आढळते. तिच्या पायऱ्या पालकांनी नीट लक्षात घ्याव्यात.

पहिली पायरी जखमेची. उद्ध्वस्त घरे, रडणाऱ्या माता, ढिगाऱ्याखालची बालके यांची चित्रे पुन्हापुन्हा दाखवली जातात. त्यांतील काही खरी असतात, काही दुसऱ्याच देशाची वा दुसऱ्याच वर्षाची. आपल्या जवळच्या दुःखाचाही असाच वापर होतो. २१ नोव्हेंबर २००३ रोजी, रमजानमध्ये, जुमाच्या नमाजच्या वेळी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत बाँबस्फोट झाला आणि अनेक नमाजी जखमी झाले. ते दुःख खरे आहे. पण खऱ्या दुःखाचा सौदा करणारा माणूस खरा असतोच असे नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश येथेच लागू पडतो : कुणा समूहाचे वैर तुम्हाला इतके चिडवू नये की तुम्ही न्याय सोडून द्याल.

दुसरी पायरी लज्जेची. “उम्मत जळत असताना तू क्रिकेट पाहतोस?” असे विचारले जाते. कोवळ्या मनाला हा प्रश्न बोचतो. काहीतरी केले पाहिजे असे त्याला वाटू लागते आणि ‘काय करावे’ हे सांगणारा तेथे तयारच असतो.

तिसरी पायरी एकांताची, आणि सर्वांत धोक्याची हीच. सर्वांना दिसणाऱ्या जागेवरून संभाषण हळूच खासगी संदेशांत नेले जाते. फेसबुक, ट्विटरवर ओळख होते. पुढचे बोलणे गुप्त संदेशांच्या ॲपवर होते. ट्विटरने फेब्रुवारी २०१६ मध्ये सांगितले की दहशतवादाचा पुरस्कार करणारी १ लाख २५ हजारांहून अधिक खाती आधीच्या काही महिन्यांत बंद करण्यात आली. तोवर ही मंडळी टेलिग्रामकडे वळू लागली होती. या एकांतात मुलाला सांगितले जाते की तुझे आईवडील भोळे आहेत, तुझ्या मशिदीचे इमाम सरकारी आहेत, उलमा विकले गेले आहेत, घरी काही बोलू नकोस.

चौथी पायरी शपथेची. एकदा बैअत लिहून दिली की मागे फिरणे म्हणजे धर्मद्रोह, अशी भीती घातली जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जमातीचे महत्त्व सांगताना दिलेला एक दृष्टांत अबू दाऊद व नसाई यांच्या हदीससंग्रहांत आला आहे. लांडगा कळपातून दूर भटकलेल्या मेंढरालाच खातो, असे त्यांनी समजावले. वरील चारही पायऱ्यांचा अर्थ या दृष्टांतात आहे. शिकाऱ्याची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी चालते : मूल आईवडिलांपासून, मशिदीपासून, मित्रांपासून एकटे पडले पाहिजे.

खवारिजांचा धडा

हे संकट नवे नाही. केवळ त्याचे साधन नवे आहे. हिजरी ३७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर हजरत अली (रजि.) यांच्या सैन्यातून एक गट फुटून निघाला. हे खवारिज होत. निर्णय देण्याचा अधिकार अल्लाहखेरीज कुणालाही नाही, ही त्यांची घोषणा होती. शब्द खरे आहेत, पण त्यांतून साधू पाहिलेला हेतू खोटा आहे, असे हजरत अलींनी त्यावर बजावले. हे लोक रात्र रात्र नमाज पढत, कुरआनाचे पठण करीत. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेले खजूर तोंडात घालणेही त्यांना पाप वाटे. परंतु त्याच लोकांनी प्रेषितांच्या सहवासातील सहाबी खब्बाब (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह आणि त्यांची गर्भवती पत्नी यांची हत्या केली. हिजरी ४० मध्ये खुद्द हजरत अलींवर विषारी तलवारीने वार करणारा इब्न मुलजमही त्यांच्यातीलच होता.

यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की ओठांवरील आयत आणि कपाळावरील सजद्याची खूण एवढ्यावरून माणसाची सचोटी ठरत नाही. त्याच्या हातून निरपराधांचे रक्त सांडते का, हे पाहावे लागते. सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीने एका निरपराध जिवाच्या हत्येला साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान ठरवले आहे.

दुसरा बोध हजरत अब्दुल्लाह इब्न अब्बास (रजि.) यांचा आहे. ते हरूरा येथे खवारिजांच्या छावणीत एकटे गेले. जाताच त्यांनी उपदेश सुरू केला नाही. तुमच्या तक्रारी काय आहेत, असे आधी विचारले, त्या शांतपणे ऐकल्या आणि मग एकेका आक्षेपाला कुरआन व सुन्नतच्या आधारे उत्तर दिले. त्या एका बैठकीनंतर हजारो माणसे परतली. बिथरलेल्या मुलाशी कसे बोलावे, याचा याहून उत्तम नमुना कोणता असू शकेल?

प्रचार विरुद्ध वास्तव

या संघटनेने जुलै २०१४ मध्ये ‘दाबिक’ नावाचे चकचकीत इंग्रजी मासिक काढले. दाबिक हे सीरियातील एक लहानसे गाव. कयामतपूर्वीच्या घडामोडींसंबंधीच्या एका हदीसमध्ये त्याचा उल्लेख येतो. त्या नावाच्या आधारे तरुणांना भासवले गेले की भाकीत आता यांच्याच हातून खरे होणार. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते गाव संघटनेच्या हातून गेले. त्याच्या महिनाभर आधीच ‘दाबिक’ची जागा ‘रूमियाह’ या नव्या मासिकाने घेतली होती. प्रेषितांच्या वचनाला आपल्या जाहिरातीचे साधन बनवणारे किती निर्ढावलेले असतात, हे यावरून दिसते.

२०१६ च्या रमजानची अखेर आठवा. ३ जुलै रोजी बगदादच्या कर्रादा बाजारात ईदच्या खरेदीला आलेल्या गर्दीत स्फोट घडवण्यात आला आणि ३०० हून अधिक जीव गेले. त्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. दुसऱ्याच दिवशी मदीना शरीफमध्ये, मस्जिदे नबवीच्या जवळ, आत्मघाती स्फोट झाला. इफ्तारच्या वेळी चार सुरक्षारक्षक शहीद झाले. मुसलमानांच्या रक्षणाच्या घोषणा पडद्यावर आणि मुसलमानांचेच रक्त बाजारात! परभणीतील अटकही त्याच जुलै महिन्यातली आहे.

कल्याणच्या चार तरुणांचे उदाहरणही बोलके आहे. मे २०१४ मध्ये ते जियारतीला जाणाऱ्या गटाबरोबर इराकला गेले आणि तेथून नाहीसे झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांपैकी एक परतला. लढाईची स्वप्ने पाहून गेलेल्या या शिकलेल्या मुलाकडून तेथे साफसफाईची आणि पाणी भरण्याची कामे करून घेतली गेली, असे चौकशीत समोर आल्याचे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले.

उलमा काय म्हणतात?

‘उलमा गप्प आहेत’ हा प्रचारकांचा आवडता आरोप. तो खरा नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये दारुल उलूम देवबंदच्या परिषदेत देशभरातील उलमांनी दहशतवादाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरातील १२० हून अधिक विद्वानांनी बगदादीच्या नावे सविस्तर खुले पत्र लिहिले. ज्ञानाच्या अटी पूर्ण केल्याविना फतवा देता येत नाही, एकच आयत सुटी काढून निर्णय करता येत नाही, निरपराधांची व दूतांची हत्या निषिद्ध आहे आणि पत्रकार हे दूतच होत, हे त्यात प्रमाणांसह मांडले आहे. वेगवेगळ्या मसलकांचे लोक ज्या मोजक्या विषयांवर एकमुखाने बोलले, त्यांतील हा एक विषय आहे. आपल्या मुलांपर्यंत ही मते पोचवणे आपले काम आहे.

घरासाठी चार कसोट्या

मुलांना भाषण देण्याऐवजी पुढील चार कसोट्या शिकवाव्यात. कोणताही संदेश, चित्रफीत किंवा ‘उस्ताद’ समोर आला की त्यांचा उपयोग करावा.

१. बातमीची कसोटी. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीनुसार, अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची आधी शहानिशा करावी. चित्र कुठले, कोणत्या वर्षाचे, पाठवणारा कोण?

२. सल्ल्याची कसोटी. सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत, भीतीची वा सुरक्षिततेची वार्ता हाती येताच ती पसरवत सुटणाऱ्यांना टोकले आहे आणि ती जाणकार व जबाबदार लोकांकडे न्यावी असे शिकवले आहे. जो माणूस ‘तुझ्या उलमांना विचारू नकोस’ म्हणतो, त्याला उत्तराचीच भीती वाटत असते.

३. आईवडिलांची कसोटी. बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसनुसार, जिहादची परवानगी मागायला आलेल्या एकाला प्रेषितांनी (स.) विचारले की तुझे आईवडील हयात आहेत काय? ‘होय’ म्हणताच त्यांच्या सेवेतच परिश्रम कर, असे सांगून त्याला परत पाठवले. जे काम आईवडिलांपासून लपवावे लागते ते दीनचे काम कसे असेल?

४. चेहऱ्याची कसोटी. आपल्या उस्तादांचे नाव, गाव, गुरुपरंपरा आपणास ठाऊक असते. पडद्यामागच्या माणसाचे काय ठाऊक आहे?

पालकांचे कर्तव्य

मूल अचानक घरच्यांना ‘बिघडलेले मुसलमान’ म्हणू लागले, नेहमीच्या मशिदीत जाणे सोडून एकटे राहू लागले, फोन लपवू लागले, जुने मित्र तोडू लागले, तर सावध व्हावे. मात्र दाढी राखणे, नमाजची गोडी लागणे किंवा हिजाब घेणे यांना धोक्याची खूण समजू नये. ती अल्लाहची कृपा आहे. दीनकडे वळलेल्या मुलावर संशय घेतला तर आपणच त्याला लांडग्याच्या दिशेने ढकलू.

फोन हिसकावून, मारून काही साधत नाही. इब्न अब्बास (रजि.) यांच्याप्रमाणे आधी ऐकावे. पॅलेस्टाईन, सीरिया किंवा आपल्याच देशातील अन्याय यांविषयी मूल विचारत असेल तर विषय टाळू नये. घरात ज्या प्रश्नाला जागा मिळत नाही, तो प्रश्न घेऊन मूल बाहेर जाते. अन्यायाविरुद्ध कायद्याने, लेखणीने, मतदानाने, पीडितांच्या सेवेने काय करता येते हे त्याला दाखवावे. प्रश्न अवघड असेल तर विश्वासू आलिमकडे त्याला सोबत घेऊन जावे.

आणि गोष्ट हाताबाहेर जात आहे असे वाटले, तर बदनामीच्या भीतीने गप्प बसू नये. वस्तीतील जबाबदार व्यक्ती आणि वकील यांना बरोबर घेऊन वेळीच पोलिसांकडे जावे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी अशाच जाळ्यात ओढली जात असल्याचे दहशतवादविरोधी पथकाच्या लक्षात आले. वैद्यकीय शिक्षणाच्या नावाखाली तिला सीरियाला येण्याचे आमिष दाखवले गेले होते. तिला अटक झाली नाही. कुटुंबाला विश्वासात घेऊन तिचे समुपदेशन करण्यात आले आणि ती घरीच राहिली. वेळेवर कळले तर मूल वाचू शकते. उशीर झाला तर काय होते, हे वर आलेच आहे : या संघटनेवर भारतात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली बंदी आहे, जामीन सहजासहजी मिळत नाही आणि तारुण्याची वर्षे कोठडीत जातात. त्या वर्षांत आई मुलाखतीच्या दिवसाची वाट पाहते, बहिणीची लग्ने अडतात आणि सारी वस्ती संशयाच्या छायेत जगते.

वाचकहो, आज रात्री इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ फोन बाजूला ठेवून मुलांना जवळ बसवा. तुम्ही काय पाहता, कुणाशी बोलता, कोणत्या गोष्टीचा तुम्हाला राग येतो, एवढे तीन प्रश्न प्रेमाने विचारा आणि उत्तरे शेवटपर्यंत ऐका.

हे अल्लाह, आमच्या लेकरांना लाभदायक ज्ञान दे, सत्य ओळखण्याची दृष्टी दे, त्यांना आपल्या घराशी, जमातीशी आणि या भूमीतील सर्व शेजाऱ्यांशी जोडून ठेव. आमीन.