ट्रॅव्हल डेस्कवरचे गुणवंत

सेकंड इयरची इंडस्ट्रियल व्हिजिट आठवते ना? रिपोर्टच्या शेवटी आपण सगळ्यांचे आभार मानतो. एच.ओ.डी. सरांचे, कंपनीचे, चहा-बिस्किटे देणाऱ्यांचेसुद्धा! पण ज्याने बस ठरवली, परवानगीच्या पत्रासाठी दोनदा गेटवर खेटे घातले, सेफ्टी शूजचे नंबर गोळा केले, त्याचे नाव कोणी लिहीत नाही. बस उशिरा आली असती, तर मात्र तेच नाव सगळ्यांच्या तोंडी असते.

हेच काम नोकरी म्हणून करणारी माणसे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या मोठ्या कारखान्यांत आहेत. विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेल, परदेशी पाहुण्यांची गाडी हे सगळे त्यांच्याकडे. बऱ्याच ठिकाणी शिफ्टच्या बस आणि रात्रीच्या कॅबही त्याच टेबलावर येतात. या कामाला ‘कॉर्पोरेट ट्रॅव्हल मॅनेजमेंट’ म्हणतात. अमेरिकेत या लोकांची संघटना १९६८ मध्येच सुरू झाली. आज ती ग्लोबल बिझनेस ट्रॅव्हल असोसिएशन या नावाने ओळखली जाते. ‘बिझनेस ट्रॅव्हल न्यूज’ हे तिकडचे नियतकालिक ‘ट्रॅव्हल मॅनेजर ऑफ द इयर’ही निवडत आले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा ‘गुणवंत कामगार’ पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे. मग ट्रॅव्हल डेस्कवरचा गुणवंत कसा ओळखायचा?

अडचण अशी, की या माणसाचे काम उत्तम झाले की काहीच घडत नाही. मेंटेनन्समध्येही असेच असते. रात्री दोन वाजता बंद पडलेले मशीन चालू करणाऱ्याला टाळ्या मिळतात. वेळच्या वेळी ऑइल बदलून ते बंदच पडू न देणारा कोणाला दिसत नाही. म्हणून आपण इंजिनिअर लोकांनी इथे मोजमापाचाच विचार करावा. माझ्या मते चार गोष्टी तपासाव्यात.

१. वेळ : नाशिक फाट्यावरून मोशीमार्गे चाकणला जाणारी बस तळेगाव चौकात अडकणे ही रोजचीच गोष्ट. चाळीस जणांची बस वीस मिनिटे उशिरा पोचली, तर ८०० मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून जास्त मनुष्यतास गेले. चांगला माणसू ट्रॅफिकला शिव्या देत बसत नाही. तो आठवडाभराच्या वेळा लिहून काढतो आणि बस सुटण्याची वेळ, थांबे, रस्ता बदलून बघतो.

२. खर्च : सर्वांत स्वस्त तिकीट म्हणजे बचत नव्हे. समजा, एक तिकीट तीन हजारांनी स्वस्त मिळाले. पण विमान मध्यरात्री उतरते, म्हणून चार हजारांचे हॉटेल घ्यावे लागले. शिवाय माणूस दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पेंगतो! म्हणून हिशेब पूर्ण प्रवासाचा करायचा. व्हेंडर ठरवताना हात स्वच्छ आहेत का, हेही इथेच बघायचे.

३. अडचणीच्या वेळची तयारी : एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपातली विमाने काही दिवस बंद पडली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे आपल्याकडची नेहमीची विमानसेवा थांबली. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : आपली माणसे आत्ता कुठे आहेत? त्याची यादी ज्याच्याकडे तयार असते, तो खरा तयारीचा. काही अडचणी तर आधी सांगून येतात. धावपट्टीच्या कामासाठी पुण्याचा लोहगाव विमानतळ १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ बंद होता. ज्याने त्या तारखांची तिकिटे आधीच मुंबईहून काढली आणि एक्सप्रेस-वेच्या गाड्या सांगून ठेवल्या, त्याच्याकडे काही ‘घडले’ नाही. २०२१ मध्येच प्रवासातील जोखीम कशी हाताळावी यावर आयएसओ ३१०३० हे मार्गदर्शक मानकही आले.

४. सुरक्षितता : ही गोष्ट शेवटी लिहिली, पण मान पहिला तिचाच. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातील एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीसाठी लावलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजे परिसरात अत्याचार करून तिचा खून केला. गहुंजे आपल्यापासून किती जवळ आहे, हे वेगळे सांगायला नको. रात्रीच्या गाडीचे वेळापत्रक हा नुसता कागद नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळले. चालकाची पोलीस पडताळणी झाली आहे का? गाडीत अनोळखी माणूस तर नाही ना? मुलगी गाडीत शेवटी एकटी तर राहत नाही ना? ठरलेला रस्ता सोडला तर कोणाला कळते? ती घरी पोचल्याचा फोन कोण घेतो? दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार रात्री काम करणाऱ्या महिलांना घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. कायदा कागदावर असतो. रोज रात्री तो पाळणारा हा डेस्कवरचा माणूस असतो.

आता बक्षीस कसे द्यायचे? फक्त साहेबाला विचारून निवड केली, तर ‘किती पैसे वाचवले’ एवढेच उत्तर येईल. म्हणून प्रवास करणाऱ्यांना विचारा. ड्रायव्हरला, गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला विचारा. थर्ड शिफ्टच्या मुलींना तर नक्की विचारा. वर्षभराचे रजिस्टर उघडा आणि थोडक्यात टळलेले प्रसंग वाचा. ज्याने अशा नोंदी स्वतःहून, स्वतःची चूक न लपवता केल्या, त्याला जास्त गुण द्या. नोंदीच नाहीत आणि ‘आमच्याकडे कधी काही झालेच नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते नशीबही असू शकते!

आपल्यातले बरेच जण उद्या याच पट्ट्यात ट्रेनी म्हणून लागतील. पहिल्या टूरचे तिकीट हातात येईल, गाडी वेळेवर दारात उभी असेल. तेव्हा ते आपोआप झाले असे समजू नका. आणि सुरुवात इथूनच करू या. पुढच्या व्हिजिटच्या रिपोर्टमध्ये बस ठरवणाऱ्याचे नाव आधी लिहू. चहा-बिस्किटांचे नंतर बघू!