डोंगरातली सायकल : किलोमीटर नव्हे, तास मोजा

थंडी पडली की सातारकरांची पावले कासकडे वळतात. हल्ली त्यात सायकलवाल्यांची भर पडली आहे आणि त्यांतल्या काहींचे डांबरी रस्त्यावर समाधान होत नाही. कासहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने सायकलवर जायचे ठरवून चार मित्र माझ्याकडे तब्येतीचा दाखला मागायला आले. वये ४० ते ५२. एकाला मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. मी त्यांना आधी वेळापत्रक लिहायला सांगितले. त्यांनी लिहिले ते किलोमीटर.

बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, कास १२०० मीटरच्या आसपास. म्हणजे खडतर वाट सुरू होण्याआधीच २५ किलोमीटरचा चढ पायांत भरलेला असतो. पुढे सुटे दगड, मुरूम, जांभा. सपाट डांबरावर तासाला १५ किलोमीटर जाणाऱ्याने इथे आठ काढले तरी पुष्कळ झाले. म्हणून परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. दुपारी एक वाजला की जिथे असाल तिथून मागे, मग शिखर समोर दिसत का असेना.

आता पोटाचे पाहू. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरकस श्रमात दीड-दोन तास पुरते. ती संपली की पाय शिशाचे होतात, चिडचिड होते आणि माणूस चुकीचे निर्णय घेऊ लागतो. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला दोन केळी किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे खावेत. सीलबंद पाकिटातले महागडे खाऊ मिळतात, पण आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाने काही अडत नाही.

मधुमेहींनी हा भाग दोनदा वाचावा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभर पॅडल मारले, तर साखर वाटेतच नव्हे, त्या रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवशीचा डोस किती घ्यायचा हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, मनाने गोळी बंद करू नये. निघताना साखर १००च्या खाली असेल तर खाऊन थोडे थांबावे. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच लगेच साखर किंवा गूळ द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ही लक्षणे सोबत्यांना माहीत हवीत, कारण त्या क्षणी रोग्याला स्वतःला ती कळतीलच असे नाही.

कासचे पठार जांभ्याचे. पावसाळा सरला की वर पाणी टिकत नाही आणि सावलीही फारशी नसते. तासाला अर्धा लिटर धरून पाणी न्यावे. नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात. एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हा घरचा हिशेब पुरेसा आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर, हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीवर दडपण आले की उतरावे आणि बसावे. ‘गॅस असेल’ म्हणून पुढे रेटू नये. उतारावर तळहात बधिर होतात, करंगळीकडे मुंग्या येतात. तेथली नस दबते म्हणून. पकड बदलत राहावी. गवा दिसल्यास घंटी वाजवू नये, लांबच थांबावे. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे काहीच नको. तो अवयव हलू न देता थेट सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठावे.

१०८ची रुग्णवाहिका आहे, पण दरीत मोबाइलला रेंज नसते. म्हणून वाट, परतीची वेळ आणि चालू औषधे कागदावर लिहून घरी ठेवावीत. वनखाते कुठवर सायकल नेऊ देते हे आधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे आणि रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर घरच्यांनी कोणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहावे.