पंपाची सवय लागते का? दम्याच्या औषधाचा हिशोब



गटाच्या बैठकीत दम्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "पंप नको बाई, सवय लागते." दुसरं, "पंप म्हणजे शेवटचा इलाज." आपण पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या बाया, तर आज औषधाचाही हिशोब मांडू.

दम लागल्यावर पुष्कळ ठिकाणी साल्ब्युटामॉलची गोळी देतात. मोठ्या माणसाची गोळी 4 मिलिग्रॅमची असते. तेच औषध पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम असतं. एका मिलिग्रॅममध्ये 1000 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत 40 फवाऱ्यांचं औषध! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, अंगभर फिरते आणि मग थोडीशी छातीत पोचते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून इतकं थोडं पुरतं. आता सांगा, जास्त औषध कशात?

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासाच्या बारीक नळ्या आतून सुजतात, आणि धूळ, धूर, थंडी, सर्दी असं काही निमित्त झालं की आवळतात. म्हणून पंपही दोन प्रकारचे. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करतो, पण सूज तशीच राहते. बुडेसोनाईडसारखा रोजचा पंप सूज उतरवतो, पण हळूहळू, काही दिवस ते काही आठवडे घेऊन. काही जणींना डॉक्टर दोन्ही औषधं असलेला एकच पंप देतात. आपला कोणता, हे रंगावरून ठरवू नका, डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

घर गळायला लागलं की आपण खाली घमेलं ठेवतो. तो झाला आरामाचा पंप. पण कौलं आपण उन्हाळ्यातच चाळून घेतो, आभाळ स्वच्छ असताना. रोजच्या पंपाचं तसंच आहे. बरं वाटतंय तेव्हाही तो घ्यायचा. गाडी चुकते ती इथेच. महिनाभर पोराला खोकला नाही, की आई पंप फळीवर ठेवून देते. मग थंडी पडते, सोयाबीनची मळणी सुरू होते, आणि मध्यरात्री गाडी शोधत फिरायची वेळ येते. मग म्हणायचं, बघा, पंपाची सवय लागली! सवय नाही हो, सूज उतरायची राहिली होती. पंप कमी करायचा की थांबवायचा, ते डॉक्टर ठरवतील.

रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं, ही भीती खरी आहे, म्हणून खरंच सांगते. मात्रा मायक्रोग्रॅमची असते. तोंडात छाले येऊ नयेत, आवाज बसू नये म्हणून प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायची. वर्षानुवर्षं घेतलं तर मुलाच्या उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. पण दम न आवरलेलं मूल शाळेला मुकतं, खेळाला मुकतं, आणि मोठा झटका जिवावरही बेततो. एका सेंटिमीटरसाठी हा सौदा परवडत नाही.

आता घ्यायचा कसा. पंप हलवा, टोपण काढा, स्पेसरला लावा. स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची नळी. श्वास पूर्ण सोडा, एकदाच दाबा, सावकाश आत ओढा, 10 आकडे मोजेपर्यंत धरा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. लहान मुलाला मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्या. रडताना दिलेलं औषध फारसं आत जात नाही, आधी मांडीवर घेऊन समजवा. स्पेसर साबणाच्या पाण्यानं धुवून तसाच वाळू द्या, फडक्यानं पुसू नका. पुसला की औषध त्याच्याच भिंतीला चिकटतं.

डब्यावर किती फवारे ते लिहिलेलं असतं. 200 असतील आणि रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन घेतले तर 50 दिवसांत संपतो. त्यानंतरही फुस्स आवाज येत राहतो, पण आत औषध नसतं! सुरू केल्याची तारीख डब्यावर पेननं लिहा. आणि आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांकडे जा.

लग्नाळू मुलींचे पंप घरोघरी कपाटात लपवलेले असतात. स्थळ मोडेल म्हणून. लपवलेला पंप वेळेवर हाताशी येत नाही, एवढंच सांगते.

कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला पुष्कळ जण जातात. जायचं तर जा, पण पंप सोबत न्या आणि बंद करू नका. बाजारातल्या बिनानावाच्या पुड्यांपासून मात्र लांबच राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आधी छान आराम पडतो, मग तोंड सुजतं, साखर वाढते.

सासूबाईंनी कधी विडीला हात लावला नाही, तरी अंगणातून घरात येताना धाप लागते? जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायांच्या फुप्फुसांना धुरानं कायमचं दुखणं जडतं. दम्यात चढउतार असतो, हे मात्र वर्षागणिक वाढत जातं. पंपानं आराम पडतो, पण गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून धूर आजच कमी करायचा. सिलिंडर महाग, पाणी तापवायला चूल लागतेच, हे मान्य. मग चूल पडवीत किंवा अंगणात घ्या, वाळलेलंच सरपण घाला, कडेवर लेकरू घेऊन फुंकणी मारू नका. कासवछाप अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. आणि तान्ह्या बाळाला धुरी देणं बंदच करा, यात माझं दुमत नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर दमाच असेल असं धरू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती आधी करा.

झटका आला तर माणसाला आडवं करू नका, बसवा. आरामाच्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास. चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर परत चार. तरीही दम उतरला नाही तर 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडले, बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडतो, दूध पीत नाही, मूल सुस्त झालं, तर वाट बघत बसू नका. फोन लगेच, आणि पंप गाडी येईपर्यंत.

पुढच्या बैठकीसाठी

ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो घेऊन या. आशाताईंना बोलवा आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. डब्यावर तारीख आहे का, ते एकमेकींचं तपासा. कोणाकडे स्पेसर नाही, कोणाचा पंप पैशाअभावी थांबलाय, याची यादी करून ग्रामसंघात मांडा. जनऔषधी केंद्रात पंप स्वस्त पडतो. तालुक्याला जाणारी एक जण चौघींचे आणू शकते.